धूर, दूमइ आणि लिथुआनियाचे लोक

मंडळी, गेल्या गणपतीत आमच्या शेजारच्या लिथुआनियन बाई आरतीला आल्या होत्या. धूप बघून त्यांनी विचारले, "याला काय म्हणता?" धूर, संस्कृतात धूम, असे सांगताच त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दूमइ!" मग दात म्हणजे दान्तिस, अग्नी म्हणजे उग्निस, मुलगा म्हणजे सूनुस (संस्कृतातला सूनु, आपली सून मात्र 'स्नुषा'वरून आली) असा तासभर खेळ रंगला. ते लोक भारतातून गेले असे कृपया कोणी समजू नये. दोन्ही भाषांचे मूळ एक, इतकेच. त्या निमित्ताने आम्ही उभयतांनी थोडे वाचन केले.

लिथुआनियाचे नाव लिखाणात प्रथम येते ते १००९ साली, एका ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या हत्येच्या नोंदीत. १२५३ मध्ये मिंडाउगसने राज्याभिषेक करवून घेतला. १२६३ मध्ये त्याचा खून झाला. पुढे गेडिमिनस याने १३२३ साली विल्नियसहून जर्मन शहरांना पत्रे धाडून व्यापारी आणि कारागीर बोलावले. म्हणजे परदेशी येऊन पोट भरणारी आपल्यासारखी माणसे तेव्हाही होतीच!

शेजारी होते ट्यूटॉनिक ऑर्डरचे जर्मन सरदार. धर्मप्रसाराच्या नावाखाली शंभराहून अधिक वर्षे त्यांच्या स्वाऱ्या चालू होत्या. त्यातच घरात भाऊबंदकी, ती काय असते हे आपल्याला नव्याने सांगायला नको. योगाइलाने सख्खा काका केस्टुटिस याला कैदेत टाकले आणि १३८२ मध्ये तो तिथेच मेला. १३८६ मध्ये योगाइला ख्रिस्ती झाला, पोलंडच्या राणीशी लग्न करून तिथला राजा झाला. पुढे त्याच केस्टुटिसचा मुलगा व्हिटाउटस त्याच्याबरोबर उभा राहिला आणि १५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्डला दोघा चुलतभावांनी सरदारांचा धुव्वा उडवला. व्हिटाउटसचे राज्य काळ्या समुद्रापर्यंत पोचले होते.

आम्हाला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. एवढ्या राज्याचे दप्तर लिथुआनियनमध्ये नव्हतेच! कागद लिहिले जात ते रुथेनियन या स्लाव्ह भाषेत किंवा लॅटिनमध्ये. पहिले लिथुआनियन पुस्तक छापले गेले १५४७ साली, तेही परमुलखात, क्यनिग्सबर्गला. तोवर भाषा सांभाळली ती शेतावर आणि चुलीपाशी. सरदारांनी तेराव्या शतकात जिंकलेल्या प्रशियन लोकांची भाषा हिची सख्खी बहीण. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती बोलणारे कोणी उरले नाही.