कोयत्याची वाट आणि भरपाईचा कायदा

दसरा सरला की बीडच्या आष्टी तालुक्यातल्या कड्याच्या परिसरातून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं हलू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेतलेली, वाट साखर कारखान्याची.

1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दशकांत दुष्काळी बीडमधून ही वाट रुळत गेली. वाटेवर धोके तेच: विळ्यासारखा धारदार कोयता, फडातला साप, अंधारात विना रिफ्लेक्टर चाललेली उसाची ट्रॉली.

कायदा मात्र आधीपासून होता. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. कामामुळे आणि काम करताना इजा झाली, तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. त्यातलं कलम 12 तर मूळ मालकालाही जबाबदार धरत होतं, कामगार ठेकेदारानं आणलेला असला तरी.

अडचण पुराव्याची. उचल तोंडी, हजेरी मुकादमाच्या वहीत.

रस्त्यावरच्या अपघातांसाठी मोटार वाहन कायद्याच्या 1956 च्या दुरुस्तीनं वेगळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली. 23 सप्टेंबर 2022 ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, कड्याला स्टेशन आलं. पण ऊसतोड टोळ्या अजून ट्रॅक्टर-ट्रकनंच, त्याच रस्त्यानं जातात.