भेट की सौदा? अनोळखी माणसाच्या पार्सलाचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, 'सर, तत्त्वज्ञान सोडून आता पार्सलं का?' सोडलेलं नाही. एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. इंटरनेटवर ओळख झालेली, कधी न भेटलेली दोन माणसं एकमेकांना खाऊ, लोकर, मसाले, पुस्तकं असं काहीबाही खोक्यात भरून टपालानं पाठवतात. तू मला, मी तुला. आता याला भेट म्हणायचं की सौदा?

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. शेजारणीनं डब्यातून काही पाठवलं तर डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्या आया सांगत आल्या. लग्नात आहेराची वही असते. कोणी काय दिलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढं करता येतं. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापायला लागलो, ते या हिशेबाचा ताण नको म्हणूनच. भेट मोकळी असते असं आपण म्हणतो खरं, पण वही कपाटात असतेच!

फ्रेंच विचारवंत मार्सेल मोस यांनी १९२५ साली भेटीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की भेटीच्या व्यवहारात तीन बंधनं असतात: देणं, घेणं आणि परतफेड करणं. त्यांच्यासमोर ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांचं १९२२ चं पुस्तक होतं. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून त्यांनी 'कुला' नावाची प्रथा पाहिली. तांबड्या शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांमधून एका दिशेनं फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेनं. होड्यांतून समुद्र ओलांडायचा, माळ द्यायची, आणि कडं कधी मिळेल याची वाट बघायची. घासाघीस करायची नाही. त्याच सफरीत साध्या वस्तूंचा बाजारही चालतो, त्याला 'गिमवाली' म्हणतात. तिथे हवी तेवढी घासाघीस करा. एखादा माणूस कुलामध्ये हावरटपणा करू लागला तर लोक म्हणत, हा कुला गिमवालीसारखा करतो. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. भेटीतही परतफेड होते आणि बाजारातही होते. फरक असतो वागण्याच्या रीतीत.

पण कुलातला जोडीदार ओळखीचा असतो, जन्मभराचा असतो. अनोळखी माणसाशी असं नातं जोडायला टपाल लागलं. १८७४ मध्ये बर्न इथे २२ देशांनी करार केला आणि त्यातून जागतिक टपाल संघ उभा राहिला. भारत १८७६ मध्ये त्यात आला. पण ही सोय पत्रांची होती. पार्सलांचा आंतरराष्ट्रीय करार पॅरिसला १८८० मध्ये झाला. ब्रिटन तेव्हा बाहेर राहिलं, कारण त्यांच्याकडे पार्सल टपालच नव्हतं. पार्सलं रेल्वे कंपन्या नेत. ते १ ऑगस्ट १८८३ ला सुरू झालं, आणि रेल्वेनं जाणाऱ्या पार्सलांच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा कंपन्यांना देऊनच. अमेरिकेत तर खासगी कंपन्यांच्या विरोधामुळे १ जानेवारी १९१३ उजाडावा लागला. म्हणजे बघा, साधं खोकं पोचवण्यामागेही केवढं राजकारण!

हिंदुस्थानात त्याआधीच बंगी डाक होती. खांद्यावरच्या कावडीतून पार्सलं जात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं १८७७ साल महत्त्वाचं आहे. त्या वर्षी व्ही.पी. सुरू झाली. आमच्या पिढीनं पुस्तकं व्ही.पी.नं मागवली आहेत. पोस्टमन दारात येणार, आधी पैसे घेणार, मग पार्सल हातात देणार. दुकानदाराचा गिऱ्हाइकावर विश्वास नाही, म्हणून मध्ये सरकार उभं राहिलं. अनोळखी माणसांमधल्या अविश्वासावर काढलेला हा तोडगा फार हुशारीचा होता.

आता यापुढे इंटरनेट. पोर्तुगालच्या पाउलो मागाल्हाएश या तरुणानं २००५ मध्ये पोस्टक्रॉसिंग सुरू केलं. तुम्हाला जगातला कुठलातरी एक पत्ता मिळतो, त्यावर पोस्टकार्ड पाठवायचं. ते पोचल्याची नोंद झाली की तुमचा पत्ता तिसऱ्याच कोणाला तरी जातो. ज्याला दिलं त्याच्याकडून परत येत नाही. अगदी कुलातल्या माळेसारखं पुढे फिरतं. अशी सात कोटींहून अधिक कार्डं पोचली आहेत. रेडिटवर २००९ पासून भेटींची अदलाबदल चालायची, बिल गेट्सही त्यात भाग घेत. २०२१ मध्ये ती बंद झाली. याखेरीज असंख्य लोक दोघादोघांत हे करत असतात. आणि इथे व्ही.पी. नाही, बरं का. समोरच्यानं पाठवलंच नाही तर? काही करता येत नाही. हातात असतो तो फक्त त्याचा शब्द.

सरकारला मात्र शब्द पुरत नाही. परदेशी पार्सलावर 'सीएन २२' नावाचा छोटा फॉर्म चिकटवतात. त्यात चौकोन असतात: भेटवस्तू, नमुना, विक्रीचा माल वगैरे. अदलाबदल करणाऱ्यानं कुठे खूण करायची? मोस यांचा प्रश्न टपालाच्या खिडकीवर उभा राहतो तो असा. आणि या चौकोनाचा गैरफायदा घेतला व्यापाऱ्यांनी. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटी आपल्याकडे सीमाशुल्काशिवाय येत. परदेशी ऑनलाइन दुकानं विकलेला माल भेट म्हणून पाठवू लागली. मग डिसेंबर २०१९ मध्ये सरकारनं ही सवलतच काढली. पूर्ण शुल्क भरा आणि भेट घ्या. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखी चालेल, राखीसोबतची भेट चालणार नाही! (हशा) हसू नका. भेट कशाला म्हणावं याची इतकी नेमकी व्याख्या मी तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात वाचलेली नाही. गिमवाली कुलाचा वेष घेऊन आली आणि शिक्षा कुलाला झाली.

त्या शिक्षेची झळ आमच्या घरी लागली, ते सांगतो आणि संपवतो. माझ्या पत्नीची विणकामातून फिनलंडमधल्या एका बाईंशी इंटरनेटवर ओळख झाली. आमच्याकडून गोडा मसाला, तीळगूळ, खणाचे तुकडे जात. तिकडून लोकर येई, आणि काळ्या खारट गोळ्या. त्यांना तिथे 'सालमियाक्की' म्हणतात, आणि त्यात नवसागर असतो, आपले कल्हईवाले वापरत तोच! मी एक तोंडात घातली आणि कल्हई म्हणजे काय ते भांड्याच्या बाजूनं समजलं.

२०१९ च्या नाताळात त्यांनी पार्सल पाठवलं. शुल्क भरण्याचा कागद आमच्यापर्यंत येईतो मुदत संपली होती, पार्सल परत गेलं होतं. त्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून हिनं लिहून टाकलं, 'मिळालं, लोकर फार छान आहे.' मी तीस वर्षं कांट शिकवला. म्हटलं, 'अगं, हे खोटं आहे.' ती म्हणाली, 'तिनं पाठवलं होतं ना? मग मला मिळालंच की.'

उत्तर सुंदर होतं. मला काही सुचलं नाही. मार्चमध्ये ते खोकं फिनलंडला परत पोचलं, न उघडलेलं. त्या बाईंनी त्याचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर नाही. हिनं सगळं खरं लिहून माफी मागितली. उत्तर यायला सहा आठवडे लागले. आता पत्रं येतात-जातात, प्रेमाची असतात. पार्सलं मात्र थांबली ती थांबलीच.

मी यावर पुष्कळ विचार केला. कांटचं म्हणणं असं की चांगल्या हेतूनंही खोटं बोललो की शब्दावरचा विश्वासच ढासळतो. वर्गात शिकवताना मला ते नेहमी जरा कठोर वाटे. शेजारणीचा डबा असता तर हे खोटं पचलंही असतं, कारण शेजारीण रोज दिसते, नातं इतर शंभर गोष्टींवर उभं असतं. पण जिथे चेहरा नाही, वही नाही, मध्ये पोस्टमनही पैसे घेऊन उभा नाही, तिथे 'पाठवलं' आणि 'मिळालं' या दोन शब्दांवरच सगळं उभं असतं. त्यातला एक शब्द पोकळ निघाला की समोरच्याला मागचे सगळे 'छान' पुन्हा तपासावेसे वाटतात. कायदा पार्सल अडवू शकतो. त्यानं नातं तुटत नाही. ते आमच्याकडून सैल झालं.

हे सौ.ला अजून पूर्ण पटलेलं नाही. ती पहिल्या रांगेत बसली आहे, चहाच्या वेळी तिलाच विचारा.