सिगारेटच्या कामात सापडलेली पेशी

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. १९५३ च्या सुमारास तिथे लेरॉय स्टीव्हन्स यांच्याकडे काम होतं सिगारेटचं. कर्करोगाचा दोष तंबाखूचा की वरच्या कागदाचा, हे उंदरांवर तपासायचं. पैसा अर्थातच तंबाखूवाल्यांचा. पण ‘१२९’ वाणाच्या एका नराचं वृषण सुजलेलं दिसलं आणि कागद बाजूला राहिला. गाठीत स्नायू, हाड, कूर्चा अशी सगळी खिचडी होती. या वाणात शंभरातल्या साधारण एका नराला अशी गाठ होते, हे पुढे कळलं.

१९६४ मध्ये क्लाइनस्मिथ आणि पिअर्स यांनी गाठीतली एकच पेशी उंदरात सोडून तशीच सरमिसळ गाठ मिळवली. १९७० मध्ये स्टीव्हन्स यांनी कोवळे भ्रूण प्रौढ उंदराच्या वृषणात ठेवले, तर तिथेही तशीच गाठ उगवली. म्हणजे कोणतंही रूप घेऊ शकणारी ही मूलपेशी भ्रूणातून थेट मिळायला हवी. पण प्रयोगशाळेतल्या बशीत ती टिकेना.

टिकवण्याची युक्ती मिळाली ती गाठीच्याच पेशी सांभाळताना. लंडनमध्ये मार्टिन इव्हान्स आणि गेल मार्टिन यांचा त्यात हात बसला होता. बशीच्या तळाशी उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींचा थर द्यायचा, तोही विभाजन बंद पाडलेला: पेशी जगाव्यात, पण वाढू नयेत. या ‘फीडर’वर पाहुण्या पेशी ठेवायच्या.

१९८१ च्या जुलैत, उंदराच्या भ्रूणातून थेट ही पेशी काढून बशीत टिकवल्याचा इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांचा लेख केंब्रिजहून आला. कॉफमन यांनी माद्यांची अंडाशयं काढून, संप्रेरक देऊन भ्रूण रुजण्याआधीच काही दिवस थोपवले होते. त्यामुळे हाती पेशी जास्त आल्या. डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून गेल मार्टिन यांचाही तसाच लेख आला. त्यांनी कर्कगाठीच्या पेशी ज्यात वाढल्या होत्या, ते उष्टं द्रव वापरलं होतं. स्वयंपाकातल्यासारखा हा अंदाजपंचे कारभार, पण साधला. फीडरमधून काय झिरपतं, हे १९८८ मध्ये उमगलं: एलआयएफ नावाचं प्रथिन, जे पेशीला पुढचं रूप घेऊ देत नाही.

यात नशिबाचा वाटा मोठा होता. केंब्रिजचे उंदीरही १२९ वाणाचेच होते. इतर कित्येक वाणांनी ही कृती सहज जुमानली नाही. थोराड चुलतभाऊ रॅट तर २००८ पर्यंत दाद देईना. पेशीतल्या दोन एन्झाइमांना लगाम घालणारी रसायनं दिल्यावर तो वठणीवर आला.

माणसाची तऱ्हा आणखी वेगळी. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी दान मिळालेल्या भ्रूणांतून पाच सेल लाइन, म्हणजे बशीत वाढत राहणारे पेशींचे वंश, काढल्या. उंदराच्या पेशींचे फुगीर, चकाकते पुंजके; माणसाच्या मात्र चपट्या चकत्या, आणि एलआयएफला त्या बधत नाहीत. पुढे मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही मानवी लाइन तयार झाल्या.

रोजचं काम मात्र सगळीकडे सारखंच: द्रव बदलायचं, बहुधा रविवारीसुद्धा. पुंजके वाढले की फोडून नव्या बशीत लावायचे, कडेला रूप बदलू लागलेल्या पेशी खरवडून टाकायच्या. आणि अधूनमधून गुणसूत्रं मोजायची. जास्तीचं एखादं घेऊन वेगाने वाढणारी पेशी बाकीच्यांना मागे टाकते आणि बघता बघता सगळी बशी तिचीच होते.