उधारीचं ताट

गिरणगावच्या संपांचा इतिहास उघडला की आधी पुढारी भेटतात. मग सभा, मोर्चे, वाटाघाटी. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. ठीक आहे. पण ही माणसं जेवली कुठं? सूतगिरणीत रात्रपाळी करताना मला हाच सवाल पडतो. पोट काही संपावर जात नाही.

माझा आजा लालबागला रिंग खात्यात होता. बायकापोरं गावाकडं, मुंबईत हा एकटा. असे एकटे गडी हजारोंनी होते. त्यांचं जेवण खाणावळवालीकडं. एवढीशी खोली, नवरा गिरणीत नाहीतर दारूत. बाई पहाटेच चूल पेटवायची आणि पंधरा-वीस जणांचं रांधायची. पैसे पगाराच्या पगाराला. म्हणजे संप नसला तरी बाई उधारीवरच उभी. किराणा वाण्याकडनं उधार, रोकड सावकाराकडनं व्याजानं.

१९७३-७४ च्या हिवाळ्यात गिरण्या ४२ दिवस बंद होत्या. पगार नाही, मग खाणावळीचे पैसे कुठले? या बायांनी ताट थांबवलं असतं तर संप तिथंच बसला असता. त्यांनी थांबवलं नाही. घरातली भांडी गेली, गळ्यातलं डोरलं गेलं, व्याज चढत गेलं. आजा सांगायचा, "मावशीनं कदी इचारलं न्हाई, पैसं कवा देतूस म्हनून. भाकर तेवढी अर्धी झाली."

ही मावशी आमच्यातलीच. दुसरीकडं आजाला कोण ताट वाढणार? खाणावळी गाववार होत्या, तशा जातवारही होत्या. जात गिरणीतही होतीच. विणकर खात्यात धाग्याचं टोक तोंडानं ओढून धोट्यातनं काढावं लागायचं. आमच्या तोंडचा धागा यांना बाटायचा. म्हणून जास्त पगाराचं ते खातं आम्हाला बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा सवाल पुढं आणला. तेव्हा आमच्या मावशीनं दिलेली उधारी ही कमी पगारातनं आलेली उधारी होती. हे कुणी लिहीत नाही.

आणि त्याच हिवाळ्यात, १० जानेवारी १९७४ ला, पँथरच्या मोर्च्यावर वरून पाटा टाकला. भागवत जाधव गेला. मसाला वाटायचा पाटा, दोस्तहो! एका घरात त्यावर संपकऱ्यांसाठी उधारीचं कालवण वाटलं जात होतं, दुसऱ्या घरातनं तोच माणसाच्या डोक्यावर आला. गिरणगावची माया सांगताना हेही सांगावं लागतं.

संप मिटला, बायांचं कर्ज मिटलं नाही. प्रेमा पुरव यांनी ते पाहिलं. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि ज्यांच्याकडं तारण ठेवायला चमचा उरला नव्हता त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. शाबासकीचे हार कुणीही घालतं. बाईंनी सावकाराचं व्याज ओळखलं.

८२ चा संप मात्र कुणाच्याच चुलीला पेलला नाही. ४२ दिवस निभावता येतात, वर्षं कशी निभावणार? आणि तो संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही. आजा गावी परतला, दुसऱ्याच्या रानात राबला. ८३ च्या सुगीला त्यानं मावशीला एष्टीवरनं जवारीचं पोतं धाडलं, मागची बाकी म्हणून. मावशीनं ते वहीत मांडलं नाही. चाळीत ज्यांची चूल पेटत नव्हती, त्यांच्याकडं मापट्या-मापट्यानं पोचवलं.