गणिताचं पुस्तक कुणासाठी लिहिलेलं असतं?

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असं ठरवलेले पालक आता कोल्हापुरातही भेटतात. दहावीला 17 नंबरचा फॉर्म भरता येतो किंवा एनआयओएसची परीक्षा देता येते, त्यामुळे वाट अगदीच बंद नाही. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा गणिताचाच असतो. बालभारती घ्यावं, एनसीईआरटी घ्यावं, की ते सिंगापूरचं मागवावं? नाव सुचवणं हे काही या लेखाचं काम नाही. पण हा प्रश्न इतिहासाचाही आहे, आणि तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर साधनं कशी वाचायची याचा त्यातून चांगला सराव होतो. कुठलाही अभ्यासक्रम हातात आला की आधी एवढंच विचारा: हा मुळात कुणाच्या गरजेसाठी बनला?

पंतोजींच्या शाळेपासून सुरू करू. तिथले पाढे पूर्णांकांवर थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज हे ऐकलं की आपण म्हणतो, बिचाऱ्या पोरांवर काय हा घोकंपट्टीचा जुलूम! पण त्या काळचा बाजार डोळ्यांसमोर आणा. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर. सव्वा आणा शेर दराने सात शेर गूळ घेतला, तर सवायकी येणारा मुलगा कागद न घेता सांगणार, पावणेनऊ आणे. पाव आणि अर्ध्याने चालणाऱ्या मोजमापांसाठी याहून सोयीचं हत्यार नव्हतं. म्हणजे हा अभ्यासक्रम कुलकर्ण्याच्या, दुकानदाराच्या, सावकाराच्या कारकुनाच्या कामाचा होता, आणि त्यांच्यासाठी तो उत्तम होता. मुली आणि दलित मुलं बहुतेक त्या ओसरीच्या बाहेरच राहिली, हेही त्याच वाक्यात लिहायला हवं.

मग 1820च्या दशकात मुंबईत मराठी पाठ्यपुस्तकं तयार होऊ लागली. जॉर्ज जर्व्हिस हा कंपनी सरकारचा इंजिनिअर अधिकारी. त्याने शास्त्री मंडळींच्या मदतीने चार्ल्स हटनचं गणित मराठीत आणलं. हटन वूलिचच्या लष्करी अकादमीत शिकवायचा, आणि त्याचा ग्रंथ तिथल्या तोफखाना आणि इंजिनिअरिंगच्या कॅडेटांसाठी रचलेला होता. थोडक्यात, वूलिचच्या कॅडेटांसाठी लिहिलेलं गणित मराठी मुलांपुढे आलं. यात वाईट काही नाही. मराठीत बीजगणित आणि भूमितीची भाषा घडायला त्याने मोठा हातभार लावला. पण इथे एक सावधगिरी बाळगा. पाठ्यपुस्तक हा काय शिकवायचं ठरलं होतं याचा पुरावा असतो, मूल काय शिकलं याचा नव्हे. संशोधन प्रस्तावात या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते.

1 एप्रिल 1957ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि पावकी-निमकीचं काम संपलं. ते पाढे कुणी मोडीत काढले असं नाही, त्यांच्याखालची जमीन सरकली.

आता अलीकडचं उदाहरण, आणि हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. 2019च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. पंचवीसला ‘वीस पाच’, बत्तीसला ‘तीस दोन’ असंही वाचता येईल, असं पुस्तकात आलं होतं. टीव्हीवर चर्चा रंगल्या, विधानसभेत कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, स्वतः संख्याशास्त्रातल्या नव्हे तर संख्या सिद्धांतातल्या डॉक्टरेट. (वर्तमानपत्रं या दोन विषयांत नेहमी गल्लत करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.) त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण लिहितो आधी 2 मग 5, आणि म्हणतो आधी पाच मग वीस. शिवाय जोडाक्षरांनी भरलेली नावं. जुनी नावं काढलेली नव्हती, जोडीला दुसरी वाट दिली होती.

एकोणतीस घ्या. ऐकू येतो तीस, लिहायचा असतो दोन. एकोणनव्वदपर्यंत हाच नियम, आणि नव्व्याण्णवला आपण तो मोडतो! सात वर्षांच्या मुलाने 25च्या जागी 52 लिहिलं तर दोष दर वेळी मुलाचा नसतो. आणि हा घोळ एकट्या मराठीचा नाही. जर्मनमध्येही एकक आधी म्हणतात. नॉर्वेने 1951मध्ये शाळांत अधिकृतपणे दशक आधी म्हणायला सुरुवात केली, तरी जुनी पद्धत बोलण्यातून पुरती गेली नाही. आपल्याकडे तर कागल-गडहिंग्लज पट्ट्यात ज्या घरी कन्नड बोलतात, तिथलं मूल घरात ‘इप्पत्तैदु’ म्हणतं, म्हणजे सरळ वीस-पाच, आणि शाळेत पंचवीस. तुमचं मूल मनातल्या मनात कुठल्या भाषेत मोजतं, हे पाहिल्याशिवाय पुस्तक निवडणं म्हणजे माप न घेता कपडे शिवणं. सिंगापूरची पुस्तकं चांगलीच आहेत, पण ती तिथल्या सरकारने 1980च्या दशकात स्वतःच्या शाळांसाठी तयार केली. त्यांच्या इंग्रजी ‘ट्वेंटी फाइव्ह’मध्ये दशक आधीच येतो. मराठीत मोजणाऱ्या मुलाची ही अडचण त्यांना सोडवायचीच नव्हती.

घरच्या गणिताचं म्हणाल, तर आपल्याकडे एक प्रसिद्ध उदाहरण आहे आणि त्याची मुळं कोल्हापुरात आहेत. जयंत नारळीकर 1938 साली कोल्हापुरात जन्मले, वाढले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मुलांसाठी घराच्या भिंतीवर फळे लावलेले होते. मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मोरूमामा, शिकायला त्यांच्याकडे राहिले होते. ते फळ्यावर जयंतसाठी म्हणून एक आव्हानाचं गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत तिथेच राहायचं. नारळीकर शाळेतही जात होतेच, तेव्हा याला होमस्कूलिंग म्हणता येणार नाही. पण त्या फळ्यावरचं वेळापत्रक मुलाचं होतं. तासाची घंटा नव्हती, पुढचा धडा वाट पाहत नव्हता.

आता संशोधक म्हणून यावर शंका घ्या. ही आठवण पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेल्या माणसाची आहे. असाच फळा आणि असाच मामा मिळूनही ज्यांना गणिताची धास्ती बसली, त्यांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत. शिवाय मामा स्वतः गणितात बुडालेले, वडील प्राध्यापक. हा अभ्यासक्रम ‘घरी वापरून बघा’ म्हणून उचलता येत नाही, फार तर त्याची गती उचलता येईल.

ज्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत त्यांचं घरचं गणित मात्र अजून थोडं हाताशी आहे. 1957च्या आधी पावकी-दिडकी म्हटलेली माणसं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांतल्या कित्येक बायका शाळेत फार थोडं गेल्या, पण दुधाचा, धान्याचा, मजुरीचा हिशोब तोंडी करत आल्या. तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. विषय शोधत असाल तर या सुट्टीत आजीपाशी बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा, त्याआधी तिची परवानगी घ्या. ‘पाढे म्हणून दाखव’ म्हणू नका, त्यातून नुसतं पाठांतर मिळतं. विचारा की अडीचकी शेवटची कधी वापरलीस, कशासाठी, आणि तुला ती कुणी शिकवली.