खोटी चिठ्ठी आणि रानपिंगळा

25 नोव्हेंबर 1997. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या जंगलात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तीन अमेरिकी पक्षी-अभ्यासक सकाळपासून हिंडत होते. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने होते. एका निष्पर्ण झाडावर किंग यांना वीतभर उंचीचे एक घुबड दिसले. आपल्या गावाशिवारात दिसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याच्या डोक्यावर ते जवळजवळ नव्हतेच. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे होते, चोच मोठी आणि पाय दणकट होते. तो रानपिंगळा होता. 1884 नंतर, म्हणजे तब्बल 113 वर्षांत, तो जिवंत पाहिल्याची विश्वासार्ह नोंद कोणाच्याही नावावर नव्हती. तिघांनी त्याचे चित्रण केले, छायाचित्रे काढली. पुरावा म्हणून एकही पक्षी मारला नाही.

हा प्रसंग पक्षीनिरीक्षकांच्या गप्पांत नेहमी येतो, तो बहुधा नशिबाची गोष्ट म्हणून. खरे तर ती नोंदवहीची गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात बंदुकीपासून होते.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला शाळेच्या इतिहासात भेटतो तो काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात. पक्ष्यांच्या अभ्यासात त्याचे स्थान त्याहून लहान नाही. देशभरच्या साहेब मंडळींचे जाळे उभारून त्याने पक्ष्यांचे नमुने गोळा केले. ते दिवस निरीक्षण म्हणजे शिकारच असण्याचे होते. पक्षी मारायचा, कातडे सोलून त्यात कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि मारणाऱ्याचे नाव. हौस आणि शास्त्र यांच्यात तेव्हा भिंत नव्हती; सुटीच्या दिवशी बंदूक घेऊन बाहेर पडणारा अधिकारी संध्याकाळी त्या चिठ्ठीपुरता शास्त्रज्ञ होत असे. एफ. आर. ब्लुइट याने 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागातून पाठवलेल्या एका घुबडावरून ह्यूमने 1873 मध्ये नव्या जातीचे वर्णन केले आणि तिला ब्लुइटचे नाव दिले. पुढे ह्यूमची हस्तलिखिते एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली. व्यथित ह्यूमने आपला सुमारे 82,000 नमुन्यांचा संग्रह 1885 मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. टिपणे गेली, नमुने उरले. आणि प्रत्येक नमुन्याची साक्ष त्याच्या चिठ्ठीपुरतीच उरली.

रानपिंगळ्याचे असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात. त्यांतले बहुतेक एका माणसाचे. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतला जेम्स डेव्हिडसन खानदेशात नेमणुकीवर होता. 1880 च्या दशकात त्याने शहादा-तळोद्याच्या परिसरात हे पक्षी मिळवले आणि चिठ्ठ्यांवर गावांची नावे लिहून ठेवली. त्यानंतर रानपिंगळा जणू नाहीसाच झाला.

अपवाद एकाच नमुन्याचा. त्याच्या चिठ्ठीवर 1914 साल होते आणि स्थळ होते गुजरातेत तापीकाठचे मांडवी. मिळवणारा होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. लष्करी अधिकारी, हेर, नामांकित पक्षितज्ज्ञ अशी त्याची कीर्ती. 1937 मध्ये सलीम अलींनी त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्ष्यांची पाहणी केली होती. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका घेणार कोण? विसाव्या शतकातला एकमेव पुरावा म्हणून ती मान्य झाली, ग्रंथांत गेली.

कर्नल 1967 मध्ये वारला. 1993 मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी त्याच्या संग्रहातल्या काही नमुन्यांतली लबाडी उघड केली. मग रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचे घुबड तपासायला घेतले. हाताने भरलेल्या पक्ष्यावर भरणाऱ्याची ढब उमटते. टाके कसे घातले, कापूस कुठे किती भरला, पंख कसे मिटवले, हे जाणकाराला हस्ताक्षरासारखे वाचता येते. हे घुबड डेव्हिडसनच्या हातचे निघाले. ते संग्रहालयातून चोरले गेले होते, उसवून पुन्हा भरले होते, आणि मूळ चिठ्ठी काढून टाकून नवी खोटी चिठ्ठी त्याला बांधली होती. 1999 मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात हे सारे सविस्तर प्रसिद्ध झाले.

इथे या लबाडीची किंमत कळते. खोट्या चिठ्ठीने कुणाची बढाई साधली असेल, पण शोध घेणाऱ्यांना तिने चुकीच्या गावाची वाट दाखवली. रासमुसेन यांनी मांडवी यादीतून खोडले आणि 1997 मध्ये फक्त प्रामाणिक चिठ्ठ्यांचा माग काढला. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी काही हाती लागले नाही, तेव्हा त्या खानदेशात आल्या. डेव्हिडसनने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेले गाव खरे निघाले.

दरम्यान छंदाचे हत्यार बदलले होते. 1908 मध्ये मुंबईतल्या एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने गळ्याशी पिवळा डाग असलेली एक चिमणी मारली आणि ती ओळखून घेण्यासाठी 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. त्यांचेच 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' 1941 मध्ये आले आणि पक्षी न मारता ओळखण्याची सवय सामान्य वाचकाला लागली. पुढे मारुती चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'ने मराठी वाचकाच्या हाती पक्ष्यांची आपली नावे दिली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुकीला आळा घातला. दुर्बीण आली, फिल्मचा कॅमेरा आला, मग डिजिटल कॅमेऱ्याने हौशी माणसालाही दूरवरचे पीस न् पीस टिपता येऊ लागले. मेळघाटासह सातपुड्यात इतरत्र रानपिंगळा सापडला. 2014 मध्ये तर मुंबईच्या पाणीपुरवठ्याशी जोडलेल्या तानसा अभयारण्यात तो पक्षीनिरीक्षकांच्या कॅमेऱ्यात आला. हा छंद कशासाठी, असे विचारणाऱ्याला इतके उत्तर पुरे.

तरीही कॅमेऱ्याने प्रश्न संपवला असे नाही. त्याने तो आपल्या हाती दिला आहे. छायाचित्र म्हणजे नवा नमुना आणि त्याखालची ओळ म्हणजे नवी चिठ्ठी. एका ठिकाणचे चित्र दुसऱ्या ठिकाणचे म्हणून दाखवायला आज टाके उसवावे लागत नाहीत. आणखी एक पेच डेव्हिडसनला कधी पडला नव्हता. रानपिंगळा दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो. त्याच्या घरट्याचे झाड जाहीर झाले, तर ध्वनिमुद्रित हाक वाजवून त्याला जवळ ओढणारे तिथे पोचायला वेळ लागत नाही. परक्या नराची हाक समजून तो हद्द राखायला धावतो आणि विणीच्या दिवसांत त्याचा खाणे शोधण्याचा वेळ त्यात जातो. म्हणून घरट्याचे स्थळ अभ्यासकांना आणि वनखात्याला नेमके कळवावे, गर्दीला सांगू नये. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे, आणि कर्नलच्या कहाणीनंतर तो कोणी विसरू नये.

रानपिंगळा आजही संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. सागाची जंगले विरळ होत चालली आहेत. पुढे कोणी त्याला पुन्हा शोधायला निघाले, तर त्याच्या हाती आपल्याच नोंदी असतील. रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून निघणाऱ्याने घरी आल्यावर पाच मिनिटे वहीत घालवावीत. स्थळ, तारीख, वेळ, झाड. पक्षी नक्की ओळखता आला नसेल, तर तसेच लिहावे. डेव्हिडसनने याहून जास्त काही केले नव्हते.