चौकोन, प्रश्नचिन्हे आणि परत आलेले मेल

मराठीत लिहिलेला मेल पलीकडे बिघडलेला दिसतो, ही तक्रार मी जितक्या वेळा ऐकली आहे तितकी दुसरी कुठलीही ऐकलेली नाही. ‘अक्षरे फुटली’ असे लोक म्हणतात. पण फुटण्याचे प्रकार आहेत. कधी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन येतात. कधी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे येतात. कधी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची निरर्थक सरमिसळ दिसते. आणि कधी डोक्यावर तिरका फराटा असलेला इंग्रजी ‘ए’ दर एक-दोन चिन्हांनंतर पुन्हा पुन्हा उगवतो. चार रूपांची कारणे चार आहेत आणि इलाजही वेगवेगळे आहेत.

चौकोन दिसले तर बहुधा मजकूर शाबूत असतो. ती अक्षरे काढून दाखवणारा फॉन्ट त्या संगणकावर नसतो, इतकेच. फॉन्ट बसवला की पत्र वाचता येते. इंग्रजी सरमिसळ दिसली तर मजकूर युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने टाइप केलेला आहे असे समजावे. श्रीलिपीसारख्या फॉन्टांनी मराठी छपाईला मोठा हात दिला. पण त्या पिढीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच. पलीकडे तोच फॉन्ट नसला की घराचा मूळ मालक दारात येऊन उभा राहतो. अशा मजकुराला त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. फराट्याचा ‘ए’ ही तिसरी गोष्ट. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. यूटीएफ-८ पद्धतीत तो तीन बाइटांत साठवला जातो, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने ती तीन सुटी युरोपीय चिन्हे समजली की हा ‘ए’ दिसू लागतो. एन्कोडिंगच्या यादीतून यूटीएफ-८ निवडले की पत्र उलगडते.

प्रश्नचिन्हांचे तसे नाही. वाटेतल्या एखाद्या प्रोग्रामला मराठी अक्षर ठेवायला जागाच नव्हती, म्हणून त्याने तिथे खरोखरच प्रश्नचिन्ह लिहून टाकले. मूळ अक्षर पुसले गेले. ते कुठल्याही फॉन्टने परत येत नाही. पत्र पुन्हा मागवावे लागते. अशा पत्रावर तास-तास फॉन्ट बदलत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या चिकाटीत काही कमी नव्हते. कुठे थांबायचे, एवढे त्यांना कुणी सांगितले नव्हते. ते सांगावे म्हणून हे पुस्तक लिहिले.

आयुर्वेदात ‘माधवनिदान’ हा ग्रंथ रोग ओळखण्यालाच वाहिलेला आहे. संगणकाच्या रोजच्या कटकटींनाही अशा निदानशास्त्राची गरज आहे, असे माझे ठाम मत आहे. उपायांच्या याद्या ढिगाने मिळतात. आपल्यापुढची कटकट त्यांतली नेमकी कुठली, हे ओळखायला मात्र क्वचितच कुणी शिकवते.

हे ओळखायचे तर थोडा इतिहास लागतो. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला आणि पत्त्यात ‘अ‍ॅट’चे चिन्ह आणले. १९८२ साली मेल पोहोचवण्याचे जे नियम ठरले, ते सात बिटांच्या अक्षरांसाठी होते. म्हणजे एकूण १२८ चिन्हे, त्यांत देवनागरीला जागा नाही आणि छायाचित्रालाही नाही. १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ ही पद्धत मांडली. तिच्यात फाइलचे दर तीन बाइट चार साध्या चिन्हांत बदलून पाठवता येतात. जुन्या रस्त्यावरून नवे सामान नेण्याची ही युक्ती आजही चालू आहे, आणि तिची किंमत आपण आजही मोजतो. जोडलेली फाइल वाटेत साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून जिथे १० एमबीची मर्यादा आहे तिथून ८ एमबीची फाइल परत येऊ शकते, आणि पाठवणारा म्हणतो, ‘अहो, आठच तर आहे!’ त्याचे बरोबरच असते.

परत आलेला मेल बहुतेक जण न वाचता उडवतात, कारण तो भरपूर इंग्रजीत असतो. त्यातला फक्त तीन अंकी आकडा शोधावा. तो ४ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. ५ने सुरू होत असेल तर नकार कायमचा. ५५० बहुधा पत्ताच नसल्याचे सांगतो, ५५२ जागा किंवा आकार मर्यादेबाहेर गेल्याचे.

संगणक वापरायला शिकवण्याच्या विषयाला अभ्यासाची परंपरा आहे, हे वाचकाला ठाऊक असावे. जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ साली ‘सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास’ मांडला. माणसे माहितीपुस्तिका वाचत नाहीत, कारण त्यांना हातातले काम उरकायचे असते. वाचली असती तर काम लवकर उरकले असते, तरी वाचत नाहीत. कॅरल यांनी पुढे १९९० साली ‘द न्यूरेंबर्ग फनेल’ हे पुस्तक लिहिले. डोक्यात नरसाळ्याने ज्ञान ओतता येते, या जुन्या जर्मन कल्पनेवरून ते नाव आले आहे. असे ओतता येत नाही, तर पुस्तिका छोट्या करा, कामाभोवती रचा आणि चुकीतून बाहेर कसे यायचे ते सांगा, असा त्यांचा आग्रह होता. तो मला पूर्ण पटतो. म्हणून या पुस्तकातली प्रकरणे प्रोग्रामच्या नावाने लावलेली नाहीत, पडद्यावर जे दिसते त्यानुसार लावली आहेत.

कारण दिसते एक आणि असते भलतेच, याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. एका वाचनालयातल्या संगणकावर दर सकाळी मेल उघडेना. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येई. इंटरनेटवाल्याला दोनदा बोलावून झाले. कोपऱ्यातले घड्याळ कुणीच पाहिले नव्हते. तिथली तारीख कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे रात्री वीज बंद केली की संगणक तारीख विसरे. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाच्या हिशोबी ती मुदत अजून सुरूच झालेली नव्हती. नवा सेल बसवला आणि प्रश्न मिटला.

‘बंद करून चालू करा’ या सल्ल्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि तीच पुन्हा उघडते. स्वच्छ सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ निवडावे. मात्र त्याआधी पडद्यावरच्या संदेशाचा फोटो काढून घ्यावा, नाहीतर पुरावा जातो.

काही कटकटी खास मराठीच्या आहेत. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे. पण पहिल्या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोध मात्र बहुधा एकालाच सापडवतो. सापडला नाही म्हणून फाइल हरवली असे धरू नये. एक्सेलमधल्या खातेक्रमांकांचे दुखणे वेगळे. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक अचूक ठेवते आणि सुरुवातीची शून्ये गाळते. म्हणून लिहिण्याआधी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करावा.

एका बाबतीत मी कठोर आहे. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश पडद्यावर आला तर तो फसवणुकीचाच समजावा, फोन करू नये आणि कुणालाही आपला पडदा दुरून हाताळू देऊ नये. पैसे गेलेच तर लाज न धरता लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. आज जे अडले आहे तेथून उघडावे. आणि इथे न सापडलेली अडचण भेटली तर पडद्यावरचा संदेश शब्दशः, तारीख आणि त्याआधी आपण काय करत होता, हे तिन्ही लिहून मला अवश्य कळवावे. पुढच्या आवृत्तीत अशा अडचणींना जागा ठेवली आहे.